आमचें समुद्रसंयान

गेल्या कार्तिकांत आमच्या चिरंजीवांचा अमेरिकेंतील सिअॅटल शहराहून फोन आला, कीं येत्या उन्हाळ्यांत सर्वांनीं मिळून आगबोटीनें अलास्काच्या हिमनद्या पाहावयास जावें. बोट कोणत्या कंपनीची, महिना कोणता आणि खर्च किती, हें मात्र बाबांनीं ठरवावें. हें काम माझ्याकडे येण्याचें कारण माझी भूगोलांतील गति नव्हे. मीं जन्मभर मुलांना शब्दरूपें आणि संधि शिकविले. इंग्रजी माझें मॅट्रिकपर्यंतचें. परंतु घरांतील जमाखर्चाची वही माझ्या हातीं असते, आणि जो जमाखर्च लिहितो त्यानेंच कंजूषपणाचें अपश्रेय घ्यावें, अशी आमच्या एकत्र कुटुंबांत जुनी वहिवाट आहे.

समुद्र म्हटला कीं आमच्या घराण्यास थोडी अढीच. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रसंयान हें पतनास कारण होणाऱ्या कर्मांत गणलें आहे, आणि पुढें निबंधकारांनीं तें कलिवर्ज्यांत घातलें. तोच बौधायन उत्तरेकडील लोकांच्या आचारांत समुद्रयानाचा उल्लेख करतो, म्हणजे त्या काळींही लोक जात होते हें उघड आहे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस निघाल्या व १८८६ सालीं फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, तेव्हांपासून आमच्या समाजांत हा वाद हळूहळू निवतच गेला. पण आमच्या आजीचें भय शास्त्रांतून आलेलें नव्हतें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आमचें मूळ घर अलिबागेकडचें. आळींतल्या दोन घरांत त्या दिवशीं आकांत झाला होता. त्यानंतर आजी मरेपर्यंत बोटींत चढली नाहीं. अशा घरांतला मी बोटीच्या कंपन्या निवडावयास बसलों.

दोनशें पानी वही आणून तिच्यांत रकाने आंखले: कंपनी, भाडें, बक्षिसी, मार्ग, महिना, अन्न आणि कपडे. प्रत्येक रकान्यानें मला कांहीं ना कांहीं शिकविलें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें क्रमानें सांगतों. एक रकाना आंखावयाचा मात्र राहिला होता. त्याची हकीकत पुढें येईल.

शब्दकोश जवळ घेऊन माहितीपत्रकें वाचूं लागलों, तेव्हां पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही, कीं नांवें पुष्कळ असलीं तरी धनी थोडे आहेत. कार्निव्हल, प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका ह्या तिन्ही कंपन्या एकाच कार्निव्हल महामंडळाच्या छत्राखालीं आहेत, रॉयल कॅरिबियन व सेलिब्रिटी ह्या दोघींचा मालक एक, नॉर्वेजियनचा निराळा. तथापि सख्ख्या भावंडांप्रमाणें त्यांचे स्वभाव भिन्न. कार्निव्हल व रॉयल कॅरिबियन ह्यांच्या बोटी पोरांच्या घसरगुंड्या, खेळ आणि गजबज ह्यांविषयीं प्रसिद्ध. नॉर्वेजियनवर जेवणाच्या ठराविक वेळेचें बंधन नाहीं. १८७३ सालीं स्थापन झालेली हॉलंड अमेरिका ही शांत बोटींची, वयस्क उतारूंच्या आवडीची. प्रिन्सेस ही ह्या दोन टोकांच्या मध्यें कोठें तरी. आपल्या मंडळींत म्हातारे किती व मुलें किती हें आधीं मोजावें आणि मग कंपनी पाहावी, हें उत्तम.

दुसरा धडा भाड्याचा. जाहिरातींत मोठ्या अक्षरांनीं छापलेलें भाडें दर माणशी असतें, आणि तेंही एका खोलींत दोघें राहतील असें धरून. एकट्यानें खोली घेतली तर रिकाम्या खाटेचें भाडेंही बहुधा त्यालाच भरावें लागतें. उलट त्याच खोलींत तिसरें किंवा चौथें माणूस असेल तर त्याला बरीच सवलत मिळते. बंदराचे कर निराळे. बोटीवरील नोकरांची बक्षिसी ही आपल्याकडच्यासारखी मर्जीची बाब नाहीं. दररोज दर माणशी सुमारें १६ ते २० डॉलर आपल्या खात्यावर चढत जातात, आणि लहान मुलांचेही चढतात. सहा माणसें, सात रात्री आणि १७ डॉलर असा गुणाकार मीं केला. ७१४ डॉलर झाले. पुण्यांतील एका एजंटानें मला जो आंकडा दिला होता, त्यांत ह्या बक्षिसीचें नांवही नव्हतें. विचारलें तेव्हां “तें तिकडे गेल्यावर” असें उत्तर मिळालें. मद्य, बाटलींतील पेयें, इंटरनेट आणि किनाऱ्यावरील सहली ह्यांचे पैसे वेगळे. साधें जेवण, चहा व पाणी भाड्यांत येतें. हें सारें मिळवून पाहिलें, तेव्हां वहीच्या पहिल्या पानावर सर्वांत स्वस्त दिसणारी बोट चौथ्या पानावर तिसऱ्या क्रमांकावर गेली.

तिसरा धडा मार्गाचा. अमेरिकेंत १८८६ सालचा एक कायदा अद्याप चालू आहे. परदेशी निशाणाच्या जहाजानें अमेरिकेच्या एका बंदरांतून दुसऱ्या बंदरांत उतारू नेऊं नयेत, असा त्याचा आशय. आणि ह्या मोठ्या बोटी बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलंड्स अशा देशांचें निशाण लावतात. म्हणून सिअॅटलहून निघून सिअॅटललाच परतणारी बोटही वाटेंत कॅनडाच्या व्हिक्टोरिया बंदरास पाय लावते. अर्थात् हिंदुस्थानांतून गेलेल्या पाहुण्याला कॅनडाच्या व्हिशाची तजवीज दोन्हीकडे करावी लागते. एकदां ती केली, कीं मग कॅनडांतील व्हँकुव्हरहून निघणारी बोट घेणें शहाणपणाचें. सिअॅटलच्या बोटी बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या महासागरानें जातात. व्हँकुव्हरच्या बोटी बेट आणि मुख्य भूमि ह्यांमधल्या चिंचोळ्या, आडोशाच्या पाण्यांतून जातात. ज्यांना बोट लागते त्यांना हा भेद भाड्याहून मोठा वाटेल. सिअॅटलपासून व्हँकुव्हर मोटारीनें सुमारें १४० मैल.

मार्गांतच आणखी एक गोष्ट पाहावी. ‘ग्लेशियर बे’ नांवाचें राष्ट्रीय उद्यान हें ह्या प्रवासाचें सार आहे. परंतु सरकार तेथें दिवसाला दोनांहून अधिक मोठ्या प्रवासी बोटी सोडीत नाहीं. त्यामुळें सर्वच बोटी तेथें जात नाहींत. कांहीं हबर्ड हिमनदी दाखवितात, कांहीं दुसरी एखादी खाडी. हॉलंड अमेरिका व प्रिन्सेस ह्यांच्या पुष्कळ सफरींत ग्लेशियर बे असतें. पत्रकावरचें चित्र न पाहतां दिवसवार यादींत तें नांव आहे कीं नाहीं हें पाहावें.

महिन्याचें म्हणाल तर तिकडची मोसम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. जून ते ऑगस्ट भाडें चढें. मे व सप्टेंबर ह्या दोन टोकांस तें उतरतें. सप्टेंबरांत पाऊस फार. मे महिना त्या मानानें कोरडा, आणि डोंगरांवर हिवाळ्याचा बर्फ शिल्लक. अडचण एकच: मे महिन्यांत नातीची शाळा चालू असते. अडतीस वर्षें मुलांची गैरहजेरी मांडलेल्या शिक्षकानें स्वतःच्या नातीस आठवडाभर शाळा बुडवावयास सांगावें, ही शिक्षा मला देवानेंच योजिली असावी. मीं मे महिना लिहिला.

येथवर वही नीट चालली होती. ठरलें असें, कीं चिरंजीव, सूनबाई आणि दोन्ही नातवंडें ह्यांनीं चौघांची एक आंतली खोली घ्यावी, आणि आम्हां उभयतांसाठीं सज्जा असलेली एक खोली. आमच्या संसारास चाळीस वर्षें होत आलीं. एकत्र कुटुंबांत आम्हां दोघांना एकांतांत बसून चहा घेण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. सज्जाच्या खोलीचें चित्र सौ.नें देवघराशेजारच्या कपाटाला आंतून चिकटविलें होतें.

त्याच संध्याकाळीं मी बेरीज मांडीत असतां ती मागें येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, सातांचीं सहा माणसें कशीं झालीं?”

सातवें माणूस म्हणजे आमचे दादा. ते माझ्याहून नऊ वर्षांनीं वडील. वय ७६, हृदयाचें औषध चालू, दोन वर्षांपूर्वीं वहिनी गेल्यापासून बोलणें कमी. चिरंजीवांच्या फोनांत ‘सर्वांनीं’ असा शब्द होता, पण दुसऱ्याच दिवशीं दादा मला म्हणाले होते, “बाळू, माझें नांव घालूं नकोस. मी घर सांभाळतों. तुळशीला पाणी कोण घालील?” मीं एकदां “असें कसें” म्हटलें आणि विषय सोडून दिला. खरें सांगावयाचें तर मला हायसें वाटलें. एकट्या माणसाला दुप्पट भाडें, सत्तरीपुढच्या विम्याचा चढा हप्ता, बोटीवरच्या दवाखान्याचा खर्च, त्यांच्या पथ्याची यातायात, हीं सर्व संकटें त्यांच्या एका वाक्यानें टळलीं होतीं. म्हणूनच त्यांच्या नांवाचा रकाना मीं आंखला नव्हता. नाहीं म्हणणाऱ्यास पुन्हां विचारूं नये, असा सोयीचा नियम मीं आपल्यापुरता करून घेतला होता.

आमचे वडील १९६६ सालीं वारले. दादा तेव्हां मॅट्रिकच्या वर्गांत होते. परीक्षेचा फॉर्म त्यांनीं भरला नाहीं, आणि पाटबंधाऱ्याच्या कामावर नदीची पातळी मोजून नोंदविण्याची नोकरी धरली. पुढें नऊ वर्षांनीं माझ्या मॅट्रिकची फी त्याच पगारांतून गेली. ज्या शिक्षणाच्या जोरावर मी ही वही लिहीत होतों, तें त्यांनीं आपलें सोडून मला दिलेलें होतें. एकदां, फार वर्षांपूर्वीं, ते सहज बोलून गेले होते, “पाणी मोजण्यांत जन्म गेला, पण पाण्याचें मूळ जो बर्फ तो कधीं पाहिला नाहीं.” हें वाक्य मला आठवत होतें. आठवत असूनही मीं सहांचा गुणाकार केला होता.

रात्रीं मीं त्यांना विचारावयास गेलों, तर त्यांनीं पुन्हां तुळशीचें नांव काढलें. मीं म्हटलें, “तुळशीला शेजारची मुलगी पाणी घालील. तुम्ही येत नसाल तर मीही येत नाहीं.” दादा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मला थंडी सोसवेल का रे?” तेव्हां मला कळलें, कीं त्यांना यावयाचें होतें.

मग हिशेब नव्यानें मांडला, आणि वाचकहो, एकत्र कुटुंबाचा एक व्यावहारिक फायदा मला तेव्हां दिसला. दादा व मी एका खोलींत, सौ. आणि नात दुसऱ्या. चिरंजीव, सूनबाई व नातू तिसऱ्या. सात माणसें, तीन खोल्या, आणि रिकाम्या खाटेचें भाडें कोठेंही नाहीं. नातीची सवलत गेली; पण सज्जाची खोली सोडून सर्वांनीं आंतल्या, बिनखिडकीच्या खोल्या घेतल्यामुळें दादांचें भाडें बरेंचसें त्यांतच बसलें. सौ.नें कपाटाचें चित्र काढून वहींत खूण म्हणून घातलें. शब्दानें बोलली नाहीं. दादांचा आजार विम्याच्या अर्जांत स्पष्ट लिहिला, तो लपविणें म्हणजे हप्ता पाण्यांत टाकणें होय. आणि त्यांच्या डॉक्टरांचें पत्र व दुप्पट दिवसांचीं औषधें हातपिशवींत घेतलीं. कंपनी निवडली ती हॉलंड अमेरिका: व्हँकुव्हरहून निघून तेथेंच परतणारी, सात रात्रींची, मे महिन्यांतली सफर. चारपांच सफरी तिच्याहून स्वस्त होत्या. परंतु शांत बोट, आडोशाचें पाणी आणि ग्लेशियर बे हीं तीनही एकत्र देणारी, आणि आमच्या आवांक्यांतली, हीच होती.

थंडीविषयीं लोक फार घाबरवितात. त्या किनाऱ्यावर मे महिन्यांत दिवसां साधारण १० ते १५ अंश असतात, म्हणजे पुण्यांतील पौषांतली पहाट. एक जाड डगला घेण्यापेक्षां पातळ कपड्यांचे तीन थर आणि वरून पाणी न झिरपणारा अंगरखा उपयोगी. कारण केचिकन गांवीं वर्षाला दीडशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि तेथें थंडीहून ओल अधिक बोंचते. लोकरी कानटोप्या सौ.नें घरींच विणल्या.

अन्नाची काळजी तशीच अर्धी खरी. शाकाहारी असल्याचें तिकीट काढतांनाच कळवावें, आणि बोटीवर रोज रात्रीं दुसऱ्या दिवशींचें सांगून ठेवावें. आमच्या टेबलाशीं वाढणारा तरुण सावंतवाडीकडचा निघाला. कोंकणांतले व गोव्याचे पुष्कळ लोक अशा बोटींवर चाकरी करतात. दुसऱ्याच दिवशीं त्यानें दादांपुढें मऊ भात आणि कांदालसूण नसलेलें वरण ठेवलें व “आजोबा, मीठ कमी घातलंय” असें हळूच सांगितलें. बक्षिसीचा तो ७१४ चा आंकडा, जो आतां ८३३ झाला होता, त्यानंतर मला टोंचला नाहीं.

जूनो ही अलास्काची राजधानी. तिच्याकडे बाहेरून एकही सडक जात नाहीं, बोटीनें किंवा विमानानेंच जावें लागतें. स्कॅग्वे येथें १८९८ ते १९०० ह्या काळांत बांधलेली आगगाडी आहे. क्लोंडाइकच्या सोन्याच्या लोभानें निघालेल्या लोकांसाठीं ती बांधली. २० मैलांत ती जवळजवळ ३००० फूट चढते. आमच्या माथेरानच्या गाडीच्या रुळांत दोन फुटांचें अंतर, हिच्या तीन. तिचें तिकीट महाग आणि भाड्याबाहेरचें. म्हणून दादा आणि नातू एवढेच बसले, बाकीचे आम्ही गांवांत फिरलों.

पांचव्या दिवशीं सकाळीं ग्लेशियर बेच्या तोंडाशीं उद्यानाचे अधिकारी बोटीवर चढले. आंत ६५ मैलांपर्यंत बोट जाते. शेवटीं मार्जरी नांवाची हिमनदी समोर आली. रुंदी सुमारें एक मैल, लांबी २१ मैल, रंग नुसता पांढरा नव्हे, मध्यें मध्यें मोरचुदासारखा निळा. बोट तेथें थांबून हळूहळू स्वतःभोंवतीं फिरते, म्हणून सर्व बाजूंच्या लोकांना ती दिसते. आणि खोलींत कोण बसतो? सारी बोट डेकवर होती. सज्जाच्या खोल्यांतले उतारूही आमच्याशेजारींच उभे होते. डेकवर वाटाण्याचें कढत कढण वाटीत होते; त्यांत मांस असतें हें विचारल्यामुळें कळलें, तेवढें आपल्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.

एकदां बर्फाचा मोठा कडा सुटून पाण्यांत पडला. आधीं तो पडतांना दिसला आणि मग मेघगर्जनेसारखा आवाज आला. दादांनीं नातीला हाताशीं धरून अधिकाऱ्यास विचारावयास लाविलें, कीं हा बर्फ पूर्वीं कोठवर होता. ती बाई म्हणाली, १७९४ सालीं व्हँकुव्हरच्या मोजणीदारांनीं पाहिलें तेव्हां बर्फाची भिंत खाडीच्या तोंडाशींच होती. १८७९ सालीं जॉन म्यूर आले तोंवर ती चाळीस मैलांहून अधिक मागें गेली होती. नातीनें भाषांतर करून सांगितलें. दादांनीं बोटांवर मोजलें. “पंचाऐंशी वर्षांत चाळीस मैल. म्हणजे वर्षाला जवळजवळ अर्धा मैल.” मग माझ्याकडे न पाहतां म्हणाले, “एवढें पाणी कोणी रे मोजलें असेल, बाळू?”

कानटोपी त्यांच्या भुंवयांपर्यंत आली होती. ती नीट करावी म्हणून मीं हात पुढें केला, तो त्यांनीं धरून ठेविला. बोट वळेपर्यंत आम्ही तसेच उभे होतों. सौ. पलीकडच्या कठड्याशीं उभी राहून आमच्याकडे पाहत होती, संध्याकाळीं ती एवढेंच म्हणाली, “खिडकी नव्हती तें बरेंच झालें.”

परतल्यावर वहीचा शेवटचा ताळा मांडला. पहिल्या अंदाजाहून खर्च अधिक झाला. माझ्या ठेवीची एक पावती मुदतीपूर्वीं मोडावी लागली, आणि ह्या दिवाळींत घराला रंग लागणार नाहीं. वहीचीं मागलीं आठ पानें कोरीं ठेविलीं होतीं, तीं मला भरलेलीं आढळलीं. दादांनीं रोज सकाळीं डेकवर जाऊन त्या दिवशींची थंडी, पाऊस, वारा आणि पाण्याचा रंग आपल्या वळणदार अक्षरांत नोंदविला होता, जसा ते नदीवर नोंदवीत असत. ही वही माझ्या कपाटांत आहे. असा प्रवास करूं इच्छिणाऱ्या कोणा आप्तेष्टास ती लागली तर त्यानें खुशाल घेऊन जावी. मात्र आधीं आपल्या घरांतील माणसें नीट मोजावीं.